चूक कोणाची आणि रात्र कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि बाराशेच्या घरात ग्रामपंचायती आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख असेल त्या रात्री यांपैकी कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे. घाटंजी असो, उमरखेड असो की झरी-जामणी, चित्र एकच दिसेल. बाजार बंद झालेला असतो, एसटी स्टँडवर सामसूम असते आणि एका गाळ्यात मात्र दिवा जळत असतो. आत केंद्रचालक संगणकापुढे बसलेला असतो. बाहेर पायरीवर विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप बसलेले असतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक असे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी धरलेले असते. मुदत रात्री बारा वाजता संपणार असते आणि संध्याकाळपासून पडद्यावर एकच चक्र गरगर फिरत असते. आत जाऊन विचारले तर दोनच शब्दांचे उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन’.

मग फोन सुरू होतात. केंद्रचालक तालुक्याच्या माणसाला उठवतो. तालुक्याचा माणूस जिल्ह्याच्या तंत्रज्ञाला उठवतो. जिल्ह्याचा तंत्रज्ञ मुंबई-पुण्याच्या कंपनीत फोन लावतो आणि तिथे आणखी एक कंत्राटी पोरगा डोळे चोळत उठतो. खालपासून वरपर्यंत एक अख्खी साखळी जागी होते. ज्याने ती तारीख आणि ती वेळ ठरवली तो अधिकारी मात्र शांत झोपलेला असतो. सकाळी तो वर्तमानपत्रात निवेदन देतो की, अचानक उद्भवलेल्या तांत्रिक अडचणीमुळे विद्यार्थ्यांची गैरसोय झाली.

आमचा आक्षेप या ‘अचानक’ शब्दावर आहे. यात अचानक काय होते? शेवटची तारीख कधी आहे हे शासनाला ठाऊक होते. शेवटच्या दिवशी गर्दी होते हेही ठाऊक होते. त्या गर्दीचा भार किती पडेल याचा अंदाज आदल्या वर्षीच्या आकड्यांवरून काढता येत होता. सगळे ठाऊक असताना जे घडते त्याला अपघात म्हणत नाहीत. त्याला दुर्लक्ष म्हणतात. आणि दुर्लक्ष करणारा एक, त्याची किंमत मोजणारा दुसरा, अशी रीत जिथे पडते तिथे प्रश्न तंत्रज्ञानाचा राहत नाही, तो सामाजिक न्यायाचा होतो.

कोणी म्हणेल, एखाद्या रात्रीची गोष्ट इतकी ताणायची कशाला? एखाद्या रात्रीची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. २०१७ साली राज्य शासनाने ३४ हजार २२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइनच भरायचा असे ठरवले. कर्जात बुडालेला, आत्महत्यांनी होरपळलेला आमचा यवतमाळचा शेतकरी अंगठ्याचा ठसा उमटवण्यासाठी केंद्रावर रात्र-रात्र ताटकळला. १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरवर न्यावी लागली. त्याच वर्षी महाडीबीटी पोर्टल आले. पहिल्याच वर्षी ते नीट चालेना, तेव्हा शिष्यवृत्तीचे अर्ज पुन्हा कागदावर घेण्याची पाळी शासनावर आली. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना अंगणवाडी सेविका रेंज यावी म्हणून मध्यरात्री आणि पहाटे मोबाइल घेऊन बसल्या. पुढच्याच वर्षी त्याच योजनेच्या ई-केवायसीसाठी १८ सप्टेंबर २०२५ रोजी शासन निर्णय निघाला, दोन महिन्यांची मुदत दिली गेली, ओटीपी येईना म्हणून बायाबापड्या केंद्रांच्या चकरा मारू लागल्या आणि अखेर ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. आठ वर्षांत योजना बदलल्या, सरकारे बदलली, पण रात्रीची तारांबळ बदलली नाही. एकच बिघाड चार वेळा झाला तर त्याला योगायोग कसे म्हणावे?

आपण बुद्धाच्या विचाराचे लोक आहोत. कोणतीही गोष्ट कारणाशिवाय घडत नाही, हे आपल्याला धम्माने शिकवले. दुःख आहे तर दुःखाचे कारण आहे, कारण आहे तर त्याचा निरोध आहे आणि निरोधाचा मार्गही आहे. नशीब, ग्रहदशा, दैव यांवर आपण १९५६ साली पाणी सोडले. मग ‘सर्व्हर डाऊन’ हे नवे दैव आपण का स्वीकारावे? संगणक हे माणसाने बनवलेले यंत्र आहे. ते बंद पडते तेव्हा त्याला कारण असते आणि ते कारण बहुधा रात्रीचे नसून दिवसाचे असते.

ही कारणे समजून घेण्यासाठी इंजिनिअरच असावे लागते असे नाही. तहसील कार्यालयातले दाखले अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने निघतात. ती सही एका छोट्या टोकनमध्ये असते आणि ते टोकन किती तारखेपर्यंत चालेल हे ते देतानाच ठरलेले असते. म्हणजे ते कोणत्या दिवशी बंद पडणार हे दोन-दोन वर्षे आधी माहीत असते. तरीही ते बंद पडल्यावरच नव्या टोकनची धावाधाव सुरू होते आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत जातीचे दाखले अडतात. अधिकाऱ्याची बदली झाली की तेच होते. संगणकाची साठवण भरत आली तर ती आठवडाभर आधी दिसते, पण पाहणारा नसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला पाच मिनिटे लागतात, पण ते कोणाचे काम हे ठरलेले नसते. म्हणून लाइट जाते तेव्हा केंद्रही जाते. रस्ता रुंद करणारा ठेकेदार जेसीबीने केबल तोडतो, कारण खोदण्यापूर्वी विचारायची पद्धत नाही. बॅकअप घेतला जातो, पण तो परत उघडतो का हे कोणी तपासत नाही. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे सारी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते. पासवर्ड त्याला ठाऊक, जोडणी त्याला ठाऊक, दुरुस्तीची युक्ती त्याला ठाऊक. तो आजारी पडला, लग्नाला गेला की जिल्हा ठप्प!

यातले एकही कारण असे नाही की जे सकाळी अकरा वाजता, चहा पिऊन, शांत डोक्याने दूर करता येत नाही. आपल्या गावचा वायरमन हे शाळेत न जाताही सांगेल. तारांवर आलेली झाडाची फांदी मे महिन्यात छाटली, ढिले जंपर आवळले, अर्थिंग तपासले तर जूनच्या वादळी रात्री खांबावर चढायची वेळ कमी येते. मान्सूनपूर्व देखभाल म्हणतात ती हीच. ती नीट झाली नाही तर अंधारात, पावसात, चिखलात खांबावर वायरमनच चढतो, देखभालीचा खर्च कापणारा चढत नाही. विजेच्या कामातले हे शहाणपण संगणकाच्या कामाला जसेच्या तसे लागू आहे. मग ते लागू का होत नाही?

ते लागू होत नाही, कारण रात्र फुकट मिळते.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. दिवसा देखभाल करायची तर माणूस नेमावा लागतो, यंत्र बदलावे लागते, चाचणीसाठी वेळ द्यावा लागतो. त्याला पैसे लागतात आणि ते पैसे अंदाजपत्रकात दिसतात. रात्री कंत्राटी पोराला फोन करून उठवायला एक पैसाही लागत नाही. त्याच्या जागरणाची नोंद नाही, भत्ता नाही, दुसऱ्या दिवशीची सुट्टी नाही. उलट सकाळी दहाला तो हजर नसेल तर मानधन कापले जाते. ज्याची चूक त्याला किंमत मोजावी लागत नाही आणि जो किंमत मोजतो त्याला चूक सुधारण्याचा अधिकार नाही. अशा व्यवस्थेत संकटे थांबतील कशी? ती थांबवण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

ही व्यवस्था आपल्या समाजाला नवी नाही. मुंबई इलाख्यातील महार वतनात दुसरे काय होते? वतनदार महाराच्या कामाचे तास ठरलेले नव्हते. सरकारी अंमलदार आला, टपाल पोचवायचे असले, कोणाच्या मरणाची खबर द्यायची असली, दिवस असो की रात्र, हाक आली की त्याने निघायचे. तो घरी नसेल तर बापाने किंवा मुलाने जायचे. मोबदल्यात काय, तर तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागितलेले बलुते. वऱ्हाडात कायदा वेगळा होता, पण हाकेला ओ देण्याची सक्ती तीच होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले तेव्हा त्यांचा रोख नेमका या अमर्याद चाकरीवर होता. ज्याच्या वेळेला मर्यादा नाही त्याच्या श्रमाला किंमत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले.

आपल्या जिल्ह्यात दुसरे उदाहरण सालदाराचे आहे. वर्षाचा सौदा एकदा झाला की दिवसाचे किती तास हा प्रश्न संपला. बैलाला रात्री चारा घालायचा तर सालदाराने, पाण्याची पाळी मध्यरात्री आली तर सालदाराने. आज सालदाराचा पोरगा शिकला, आयटीआय झाला, एमएस-सीआयटी झाला, कोणी पॉलिटेक्निक करून हिंजवडीला गेला. ही आपली कमाई आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच्या खिशातला मोबाइल रात्री दोन वाजता वाजतो आणि तो ‘हो साहेब, लगेच बघतो’ म्हणून उठतो, तेव्हा आम्हाला त्याच्या बापाला आलेली वाड्यावरची हाक आठवते. हाकेचे साधन बदलले, हाक तीच राहिली काय, हा आमचा प्रश्न आहे.

कामाच्या तासांना मर्यादा घालण्याचा इतिहास आपल्याच चळवळीचा आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी मिळवली. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी बाबासाहेबांकडे आली. त्यांच्या कारकिर्दीतल्या प्रयत्नांतून १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आठ तास काम, बाकीचा वेळ विश्रांतीला, कुटुंबाला, वाचनाला, संघटनेला. ही कोणी दिलेली भीक नव्हती. आणि आज काय चालले आहे? ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे काम नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांत नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शासकीय कामे खासगी एजन्सींच्या कंत्राटी माणसांकडून करून घेण्याचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा ऑक्टोबरात तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, कंत्राटी पद्धत मात्र रद्द झाली नाही. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालकच पाहा. २०११ मध्ये संग्राम प्रकल्प आला, २०१६ मध्ये त्या जागी आपले सरकार सेवा केंद्र आले. पाटी बदलली. परिचालक मात्र थकलेल्या मानधनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी म्हणून आंदोलनेच करत राहिला. ज्याची स्वतःची नोकरी कागदावर नाही त्याच्या भरवशावर आपल्या मुलांचे दाखले आहेत!

ही स्थिती फक्त यवतमाळची आहे असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीत एक सदोष बदल एकाच वेळी जगभर सोडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली, आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटली होती. असंख्य संगणक एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले आणि त्यासाठी हजारो तंत्रज्ञ दिवसरात्र राबले. तोच बदल आधी थोड्या संगणकांवर सोडून पाहिला असता तर तिथेच दोष कळला असता. कंपनीने नंतर बदल टप्प्याटप्प्याने सोडण्याचे कबूल केले. म्हणजे शहाणपण उपलब्ध होते, ते वापरले गेले नाही. श्रीमंत देशातली कंपनी असो की आपल्या तालुक्याचा ठेकेदार, दुर्लक्षाची जात एकच.

या प्रश्नावर जगात एक उपाय पुढे आला आहे. कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना त्याबाबत कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात हा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू होऊ लागला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

हा हक्क मिळालाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण एवढ्याने भागणार नाही. समजा उद्या केंद्रचालकाने रात्री फोन बंद ठेवला. त्याला झोप मिळेल. पण पायरीवर बसलेल्या विद्यार्थिनीचे काय? तिचा अर्ज अडला तो अडलाच. कामगाराचा हक्क आणि विद्यार्थ्याचा हक्क असे एकमेकांसमोर उभे करायचे आणि आपण बाजूला व्हायचे, ही प्रस्थापितांची जुनी चाल आहे. वायरमन संपावर गेला की गावाला त्याच्यावर सोडतात, केंद्रचालकाने नकार दिला की पालकांना त्याच्यावर सोडतात. दोघेही बहुधा एकाच वस्तीतले असतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, फोन बंद करण्याचा हक्क हवाच, पण त्याहून आधी फोन वाजण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था हवी. त्यात कामगाराचेही हित आहे आणि विद्यार्थ्याचेही. आपल्याच दोन माणसांत भांडण लावण्याची संधी तिथे कोणालाच मिळत नाही.

अशी व्यवस्था करणे अवघड नाही. पहिली गोष्ट, कोणत्याही अर्जाची मुदत मध्यरात्री संपता कामा नये. ती कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात संपावी, म्हणजे अडचण आली तर सोडवणारा माणूस जागेवर असेल. सगळ्या राज्याला एकच शेवटचा दिवस देण्याऐवजी विभागवार दिवस वाटून द्यावेत. दुसरी गोष्ट, पोर्टल किती तास बंद होते याची नोंद रोज जाहीर व्हावी आणि जितके दिवस बंद तितके दिवस मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी मोर्चे काढायला लागू नयेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार दाखला उशिरा देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. पोर्टल बंद ठेवणाऱ्याला का होऊ नये?

तिसरी गोष्ट, नवे पोर्टल सुरू करण्यापूर्वी त्यावर अपेक्षेच्या दुप्पट भार टाकून पाहावा. त्यात कोणताही बदल करायचा तर तो आधी एका तालुक्यात करावा, दोन दिवस पाहावे, मगच पुढे न्यावा. शुक्रवारी संध्याकाळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि शेवटच्या तारखेच्या आठवड्यात कोणताही बदल करण्यास बंदी असावी. चौथी गोष्ट, प्रत्येक जिल्हा कार्यालयात एक साधी वही असावी. त्यात डिजिटल सहीचे टोकन, परवाने, बॅटऱ्या, देखभालीचे करार यांची संपण्याची तारीख लिहावी आणि महिनाभर आधी हालचाल व्हावी. बॅकअप परत उघडून पाहण्याचा दिवसही त्याच वहीत असावा.

पाचवी गोष्ट, प्रत्येक बिघाडाची नोंद व्हावी. काय झाले, का झाले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. ही नोंद ‘कोणी केले’ हे शोधून लहान माणसाला नोटीस देण्यासाठी नसावी. तसे झाले की लोक बिघाड लपवतात आणि लपवलेला बिघाड रात्रीच बाहेर येतो. सहावी गोष्ट, प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार ठेवावा आणि पासवर्ड लिहून, लखोट्यात घालून, कार्यालयाच्या ताब्यात ठेवावा.

सातवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रात्रीच्या कामाची किंमत ठरवावी. जो रात्री उपलब्ध राहील त्याची पाळी लिहून लावावी, उपलब्ध राहण्याचा भत्ता द्यावा, उठवले तर दुप्पट दराने मोबदला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती द्यावी. जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही आहे. कंत्राटी आणि मानधनावरच्या तंत्रज्ञालाच त्यातून का वगळावे? आणि हा खर्च ज्या खात्याच्या किंवा ठेकेदाराच्या दुर्लक्षामुळे झाला त्याच्याच खात्यातून वळता व्हावा. रात्र महाग झाली की दिवसाची देखभाल कशी वेळेवर होते ते पाहा!

खरी आणीबाणी असते, हे आम्ही नाकारत नाही. रुग्णालयातले व्हेंटिलेटर बंद पडले, ऑक्सिजनची यंत्रणा बिघडली, पुरात तारा तुटून पडल्या, तर जो असेल त्याने धावलेच पाहिजे आणि आपली माणसे धावतातही. पण साहेबाच्या घरचा संगणक चालत नाही, उद्याच्या बैठकीचे सादरीकरण उघडत नाही, ही आणीबाणी नव्हे. कशासाठी माणसाला उठवायचे आणि काय सकाळपर्यंत थांबू शकते, याची यादी लेखी असावी. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याची आणीबाणी मोठी ठरते.

आता थोडे आपल्या लोकांशी बोलू. दोष फक्त वरच्यांना देऊन मोकळे होणे ही चळवळीची रीत नव्हे. अर्ज सुरू होऊन महिना उलटतो आणि आपण शेवटच्या आठवड्यात जागे होतो, हे खरे आहे की नाही? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती बाबासाहेब कार्यकारी मंडळात असताना. तिच्या जोरावर आपल्या तीन पिढ्या शिकल्या. ती शेवटच्या रात्रीच्या भरवशावर सोडायची काय? प्रत्येक गावच्या विहारात अर्ज सुरू झाल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत एक शिबिर घ्यावे. कागदपत्रे तपासावीत, दाखले आधीच काढावेत, कॉलेजच्या मुलांनी लहानांना मदत करावी. जयंतीची तयारी आपण दोन महिने आधी करतो, मंडपापासून मिरवणुकीपर्यंत एकही गोष्ट ऐनवेळेवर सोडत नाही. तीच शिस्त शिष्यवृत्तीला लावायला काय हरकत आहे?

आपल्या तंत्रज्ञ तरुणांनाही एक सांगणे आहे. रात्रभर जागून बिघाड दुरुस्त केला की सकाळी शाबासकी मिळते, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. ती शाबासकी गोड लागते. पण जो तरुण दिवसा वही ठेवतो, बॅटरी तपासतो, टोकनची तारीख आधी सांगतो आणि ज्याच्यामुळे रात्री काही घडतच नाही, त्याचा सत्कार कोणी करत नाही. आपण करू. आणि तुम्ही जागलेल्या प्रत्येक रात्रीची नोंद ठेवा. तारीख, वेळ, कोणी फोन केला, कारण काय, किती तास लागले. एकट्याची नोंद ही तक्रार ठरते. सोळा तालुक्यांतल्या परिचालकांच्या, केंद्रचालकांच्या आणि वायरमनच्या नोंदी एकत्र आल्या तर तो पुरावा होतो. संघटना पुराव्यावर उभी राहते, नुसत्या संतापावर राहत नाही.

बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध लढा दिला तो काम करावे लागते म्हणून नव्हे. आपला माणूस कामाला कधीच भ्याला नाही. लढा होता तो वेळेवरच्या मालकीचा. माझी रात्र माझी आहे, ती कोणी फुकट घेणार नाही, हा माणूसपणाचा दावा होता. आज तो दावा संगणकापुढे बसलेल्या पोराने करायचा आहे आणि पायरीवर बसलेल्या विद्यार्थिनीने त्याला साथ द्यायची आहे, कारण दोघांची रात्र एकाच दुर्लक्षाने हिरावली आहे. पुढच्या शेवटच्या तारखेला त्या गाळ्यातला दिवा संध्याकाळी सहाला विझला आणि तरीही एकही अर्ज राहिला नाही, तर आम्ही म्हणू की, यवतमाळ जिल्ह्यात डिजिटल कारभार आला. तोवर जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि मंत्रालयाला आमचा प्रश्न कायम आहे. चूक तुमची, मग रात्र आमची का?